रकाना सात

साखरतरच्या खाडीला सुकती लागली
की चिखल आधी चकाकतो, मग मळतो,
मग त्यावर बारीक टिंबं उमटत जातात.
मी दुर्बीण पुसून घेतो.
एकतीस वर्षं टपाल निवडलं,
आता पाखरं निवडतो:
चिखल्या इकडे, टिलवा तिकडे,
आणि जिची चोच टोकाशी खाली वळते,
टपालाची गोणी शिवायच्या दाभणासारखी,
ती बाकचोच तुतारी.

छापील तक्त्यात तिला एक ओळ आहे.
रकाना चार: संख्या. रकाना सहा: दर्जा.
जुन्या तक्त्यावर होतं 'संकटासमीप',
या खेपेला छापून आलं 'असुरक्षित'.
एका शब्दाची बदली. ना हुकूम, ना निरोपसमारंभ.
तिला कुणी कळवलेलं नाही.
ती चिखल शिवत पुढे चाललीय.

रकाना सात: आढळक्षेत्र.
इथे मी दरवर्षी अडतो.
वर, सायबेरियाच्या शेंड्याला,
बर्फ हटतं तेवढ्यात तिची अंडी.
तिथे लेमिंग नावाचे उंदीर असतात;
ज्या साली उंदीर कमी, त्या साली कोल्हा घरट्यांकडे वळतो,
आणि आमच्या खाडीत नवी पिसं दिसत नाहीत.
नर आधी निघतात, माद्या मागाहून,
पोरं सगळ्यांत शेवटी,
आईबापांशिवाय, कुणाला वाट न विचारता.
कुणी आफ्रिकेला लागतं, कुणी ऑस्ट्रेलियाला,
कुणी साखरतरला.

नारळी पौर्णिमेच्या आगेमागे पहिली उतरते,
छातीवरचा विटकरी रंग अर्धा उरलेला.
चैत्र सरताना तोच रंग पुन्हा चढतो,
तेव्हा समजायचं, सामान बांधलं.
म्हणजे तिकडे दीड-दोन महिने, इकडे आठ.
कायमचा पत्ता कोणता?
टपालात नियम सोपा होता:
माणूस सापडेल तिथे पत्र द्यायचं.

दोन हजार अकरा साली दोनशे बारा मोजल्या होत्या.
तेव्हा भरतीला टेकायला वाळूचा दांडा होता.
आता तिथे जेट्टीचा भराव,
पलीकडे कोळंबीच्या तळ्यांवर निळी जाळी.
खायला चिखल आहे, बसायला जागा नाही.
पाणी चढलं की घिरट्या घालतात,
ओहोटीला मिळवलेलं भरतीत उडवून टाकतात.

आज एकीच्या पायात पांढरी पट्टी दिसली.
तीन अक्षरं.
मी पावसात भिजलेले पत्ते वाचलेत,
नुसतं 'बाबल्या तांडेल, बंदराजवळ'
एवढ्यावर मनिऑर्डर पोचवलीय.
इथे पहिलं के. दुसरं बहुधा शून्य.
तिसऱ्यावर चिखल.
तेवढ्यात कुत्रं धावलं.
थवा उठला, एकदम पांढरा झाला, एकदम करडा,
आणि खाडीच्या तोंडाकडे गेला.

खतिजाबी होडेकर पोटरीभर चिखलात मुळे काढत होती.
ती पाखरांना हाकलत नाही,
पाखरं तिच्यापासून सरकत नाहीत;
दोघांचं खणणं एकाच थरातलं.
टोपली कमरेवर घेत तिनं विचारलं, "किती भरली?"
"अडतीस."
"ती लंगडी धरलीस? काल खाजणात होती, एकटीच."
मी म्हटलं, आज मला दिसली नाही. नियम आहे.
"नाय दिसली म्हंजे मेली काय?"
असं म्हणून ती पुन्हा वाकली.

रकाना चारमध्ये अडतीस लिहिले, शाईनं.
समासात, पेन्सिलीनं, बारीक: एक.
आणि सातव्यात,
जिथे देशांची नावं उतरवायची असतात,
लिहिलं: साखरतर, जेट्टीच्या अलीकडे,
ओहोटीला विचारावे.

पाणी घोट्याला लागलं.
चपला हातात घेतल्या.